एक जूनला जन्मलेले

अडतीस वर्षांच्या नोकरीत मी किती मुलांना एक जूनला जन्माला घातलं, ते आता मला सांगता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या कुणालाही यात नवल वाटायचं नाही. शाळा सुरू झाली की आई किंवा आजी पोराचं मनगट धरून दारात उभी राहायची. जन्मतारीख विचारली की म्हणायची, "पोळ्याच्या आसपासचा आहे बाई," नाहीतर "वरची विहीर खणली त्या साली झाला." रजिस्टरात विहिरीला रकाना नसतो. मग आम्ही साल अंदाजानं धरायचो आणि पुढे एक जून लिहायचो, की पोरगं वयाच्या नियमात बसलं. आपण काही खोटं करतोय असं कुणाच्या मनालाही शिवायचं नाही.

त्यातली एक तारीख मात्र अंदाजाची नव्हती. ती मी माझ्या सख्ख्या भावासाठी जाणूनबुजून चुकीची लिहिली होती. का लिहिली ते कुणाला सांगितलं नव्हतं. ते निस्तरायला मला यंदा अमेरिकेला जावं लागलं.

विनायक, आमचा विनू, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी धाकटा. मिनेसोटा राज्यात ईडन प्रेरी नावाच्या गावात राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला तिकडे जाऊन सोळा वर्षं झाली आणि त्यातली चौदा तो ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. ग्रीन कार्ड म्हणजे तिथं कायमचं राहण्याचा परवाना. तो मिळेपर्यंत कामाच्या व्हिसावर राहायचं, तो पुन्हापुन्हा वाढवून घ्यायचा आणि मध्येच नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. गेल्या हिवाळ्यात त्याचा नंबर एकदाचा लागला. मग तिथल्या ऑफिसचं पत्र आलं, की शाळेचा दाखला जन्माचा पुरावा म्हणून पुरेसा नाही. जन्माची नोंद द्या, ती नसेल तर जन्माच्या वेळी घरात असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र द्या.

त्या वेळी घरात असलेल्यांपैकी आता मीच उरले आहे. विनू फोनवर म्हणाला, "ताई, तू ये. दोन महिने राहा आणि एक सही करून टाक." सही कशावर करायची ते मी विचारलं नाही. शिक्षिकेनं विचारायला हवं होतं.

क्युपर्टिनो

विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरणार हे कळल्यावर माझा जुना विद्यार्थी संदीप हटून बसला, की बाई, आधी चार दिवस माझ्याकडे. सातवीपर्यंत माझ्या हाताखाली होता. वर्गात खिडकीबाहेर बघत बसायचा म्हणून मी त्याला पुढच्या बाकावर आणलं होतं. आता तो क्युपर्टिनोत दिवसभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसतो, आणि त्याच्या खिडकीबाहेर बघण्यासारखं बरंच आहे. बैठी घरं, रुंद निवांत रस्ते, आणि अंगणाअंगणात लिंबांनी लगडलेली झाडं. लिंबं खाली पडून सडतात, कुणी उचलत नाही. पहिल्याच सकाळी फिरायला गेले आणि ओंजळभर लिंबं पदरात घेऊन आले, तेव्हा संदीपची बायको घाबरली. दुसऱ्याच्या आवारातलं फळ असं उचलायचं नसतं म्हणाली. संदीपनं जाऊन शेजाऱ्याला सांगितलं, तर शेजारी पिशवीभर आणखी घेऊन आला. त्याचं लोणचं मी तिथंच घालून ठेवलं.

तिसरा दिवस एक जूनचा. सकाळपासून संदीपचा फोन वाजत होता. त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर एकाच दिवशी अकरा जणांचे वाढदिवस, आणि सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते. संदीपनं केक आणला आणि सुरी माझ्या हातात दिली.

"बाई, कट तुम्हीच करा. हा बर्थडे तुम्हीच दिलाय."

मी हसले, पण घास गिळताना विनूची आठवण झाली. संध्याकाळी मी संदीपला विनूच्या पत्राबद्दल सांगितलं. तो स्वतःही त्याच रांगेत आहे, फक्त खूप मागे. रांग एवढी का हे मला तोवर कुणी धड समजावलं नव्हतं. त्यानं सांगितलं की वर्षाला ठरावीक कार्डं निघतात, आणि एका देशाला त्यातला ठरावीकच वाटा. देश दोन लाखांचा असो की शंभर-दीडशे कोटींचा, वाटा तोच. मग म्हणाला, "बाई, उद्या मी ऑफ घेतो. तुम्हाला एक जागा दाखवतो. तुम्ही हिस्टरी शिकवलीय आम्हाला, ही राहून गेली."

बेटावर

ती जागा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल बेट. बोटीनं जायचं. गार वाऱ्यात शाल कानाला गुंडाळून मी डेकवर उभी होते. बेट हिरवंगार, डोंगराळ, सहलीला आलेल्या पोरांनी गजबजलेलं. धक्क्यापासून बरंच चालल्यावर खालच्या कोपऱ्यात एक पिवळट लाकडी इमारत दिसते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तीस वर्षं, आशियातून येणाऱ्या माणसांना शहरात पाऊल टाकण्याआधी इथं अडकवून ठेवत. काही दिवसांत सुटत, काही महिनोन्‌महिने राहत, काहींना आल्या बोटीनं परत लावत.

आम्हाला हिंडवून दाखवणारा स्वयंसेवक सत्तरीचा, सडपातळ, चिनी वंशाचा पण जन्मानं तिथलाच. त्यानं सगळं हळू आवाजात सांगितलं. रेल्वेचे रूळ टाकायला चिनी मजूर हवे होते तोवर आणले. काम संपलं, मंदी आली, आणि तेच मजूर डोळ्यांत खुपायला लागले. १८८२ साली अमेरिकेनं कायदाच केला की चिनी कामगारांना येऊ द्यायचं नाही. एखाद्या देशाचं नाव घेऊन दार लावण्याची ती सुरुवात. पुढे नकाशावर रेघ मारून जवळजवळ अख्ख्या आशियाला बंदी घातली. त्यात आपण होतो. आपली माणसं, बहुतेक पंजाबी, याच इमारतीत राहून गेली. त्यातले काही नागरिकही झाले होते, पण सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, म्हणून नागरिक नव्हे. आणि दिलेली नागरिकत्वं परत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षाला शंभर जणांना मुभा मिळाली आणि १९६५च्या कायद्यानं दार खऱ्या अर्थानं उघडलं. मी इतकी वर्षं मुलांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, यातलं एक साल मला माहीत नव्हतं.

आत तीन-तीन मजली झोपायच्या खाटा, एकीला एक खेटून. भिंतींवर कैद्यांनी चाकूनं कोरलेल्या चिनी कविता. पुढच्यांनी त्यावर रंग फासला तरी अक्षरं वर आली आहेत. मी हात लावायला गेले, तर संदीपनं हळूच मागे ओढलं.

पण मी खिळून राहिले ती पुढच्या खोलीतल्या फलकापाशी. अडवलेल्यांना विचारलेले प्रश्न त्यावर होते. तुझ्या घराला पायऱ्या किती? दार कोणत्या दिशेला? तांदळाचा रांजण कुठे ठेवलाय? तुमच्या आळीत तिसऱ्या घरात कोण राहतं? मुलाला विचारायचे, मग आधीपासून शहरात असलेल्या बापाला तेच विचारायचे, आणि उत्तरं जुळली नाहीत की मुलगा परत. मी मनातल्या मनात आमच्या घराची उत्तरं द्यायला लागले. पायऱ्या पाच, दार पूर्वेला. तिसऱ्या घरात कोण, यावर मात्र अडले.

स्वयंसेवक म्हणाला की त्याचे आजोबा याच खोलीत नापास होता होता वाचले. ज्याला बाप म्हणून सांगितलं त्याचे ते खरे मुलगेच नव्हते. कायद्याप्रमाणे नागरिकाच्या मुलाला येता यायचं, म्हणून लोक पैसे देऊन कागदावर कुणाचे तरी मुलगे व्हायचे आणि त्या घराची माहिती बोटीवर पाठ करायचे. आजोबांनी दुसऱ्याचं आडनाव लावलं, दुसऱ्याची जन्मतारीख घेतली आणि उरलेलं सगळं आयुष्य पोलीस दारात येतील या भीतीत काढलं. पुढे सरकारनं खरं सांगणाऱ्यांना सवलत देऊ केली, तरी एकानं सांगितलं तर सगळं घराणं उघडं पडणार म्हणून ते बोलले नाहीत. मरताना तेवढं त्यांनी मुलाला सांगितलं.

"आमचं आडनाव आमचं नाही," तो म्हणाला. "खरं फक्त त्यांच्या थडग्यावर आहे, चिनी अक्षरात. ते मला वाचता येत नाही."

तीनची बोट माझ्यामुळे चुकली. मी पुन्हा त्या प्रश्नांच्या फलकाकडे गेले होते. दुसऱ्या बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो, संदीपच्या बायकोनं दिलेला दशमी-चटणीचा डबा संपवला. विनू मला कशावर सही करायला बोलावतोय ते त्या धक्क्यावर पहिल्यांदा मला नीट कळलं.

ईडन प्रेरी

मिनेसोटात जिकडे बघावं तिकडे तळी. विनूच्या घरामागेही एक आहे, आणि हिवाळ्यात त्यावरून माणसं चालत जातात म्हणे. जूनमध्ये मात्र सगळं हिरवं, रात्री नऊपर्यंत उजेड, आणि डास आपल्याकडच्यांना लाजवतील असे. विनू, त्याची बायको मृदुला आणि तेरा वर्षांची ईरा. ईराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिच्या जन्माचा दाखला भिंतीवर चौकटीत लावलाय. त्यावर वेळ मिनिटासकट आणि शेजारी इवल्याशा तळव्यांचे ठसे. ती तिथंच जन्मली म्हणून तिथली नागरिक. घरात तिघं आणि पक्की एकटी तीच.

एक गोष्ट मी इथं सांगते, कारण माझ्या मनातली अढी याच घरात गेली. आप्पा गेले तेव्हा विनू आला नव्हता. मी त्याला बोलून दाखवलं नव्हतं, पण विसरलेही नव्हते. बारा वर्षं मी मनात धरून होते की पोराला बाप जड झाला. मृदुला एका दुपारी भाजी निवडताना सहज बोलून गेली. "ताई, तेव्हा ह्यांचं व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग होतं. बाहेर गेले असते तर वकिलातीत परत व्हिसाचं स्टॅम्पिंग करून यावं लागलं असतं, आणि तिथली अपॉइंटमेंट मिळत नव्हती. ईरा लहान होती. तीन दिवस ह्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली होती." मी हातातली गवार खाली ठेवली. तेव्हाच का नाही सांगितलंस, एवढंच मी म्हटलं. ती म्हणाली, सांगून तुम्हाला तरी काय कळलं असतं. खरंच कळलं नसतं. संध्याकाळी विनू आला तेव्हा मी त्याला आवडतं तसं लसणाचं तिखट थालीपीठ करून वाढलं.

शेजारी डोना नावाची पंचाहत्तरीची बाई एकटी राहते. तिनं तिच्या परसातली रुबार्बची लाल देठं आणून दिली. तिकडे साखर घालून त्याचा गोड पदार्थ करतात. मी चाखून पाहिलं तर अंबाडीच्या जवळची आंबट चव, मग फोडणी घालून चटणी केली आणि वाटीभर तिला दिली. तिनं पाणी पीत पीत सगळी संपवली. तिच्या आजोबांची गोष्ट तिनं त्याच दिवशी सांगितली. ते जर्मन शेतकरी. पहिल्या महायुद्धात गावकऱ्यांनी त्यांच्या गोठ्याला एका रात्रीत पिवळा रंग फासला, देशद्रोही म्हणून. त्या दिवसापासून आजोबा घराबाहेर जर्मन बोलले नाहीत, आणि पुढे घरातही कुणी बोललं नाही. हे ती सांगत होती त्याच्या दोनच दिवस आधी, दुकानाबाहेर मी आणि मृदुला मराठीत बोलत सामान गाडीत ठेवत होतो तेव्हा, एक माणूस जाता जाता म्हणाला की इंग्लिश बोला नाहीतर घरी जा. मृदुलानं मान खाली घालून डिकी लावली. ईरा मात्र ताठ उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "आय अ‍ॅम होम." तो ऐकायला थांबला नाही. एसटीत खिडकीपाशी बसलेला माणूस पुढच्या थांब्यावर चढणाऱ्यांना जागा नाही म्हणून सांगतो, तसंच हे. तोही आधीच्या थांब्यावर लोंबकळतच चढलेला असतो.

बँकेत

तिथं प्रतिज्ञापत्र बँकेत करतात. विनूनं मजकूर टाइप करून ठेवला होता आणि गाडीत मला दिला. मी, अमुक, शपथेवर सांगते की माझा भाऊ विनायक याचा जन्म एक जून रोजी राहत्या घरी माझ्यासमक्ष झाला. एक जून त्याच्या पासपोर्टवर, व्हिसावर, पगाराच्या कागदावर, सगळीकडे. आपली खरी तारीख ही नव्हे एवढं त्यालाही माहीत होतं, पण आपल्याकडे निम्म्या लोकांची नसते, असं त्यानं धरलं होतं. गावच्या नोंदी वाळवीनं खाल्ल्या, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

बँकेतली बाई तरुण, डोक्याला रुमाल, मूळची सोमालियाची. तिनं हसून माझा पासपोर्ट बघितला आणि उजवा हात वर करायला सांगितला. यात लिहिलेलं सगळं खरं आहे, अशी शपथ घेता का, असं विचारलं.

माझा हात वर गेला आणि तसाच राहिला. अडतीस वर्षं मी पोरांना खोटं बोललं की बाकावर उभं केलं होतं. त्या बाईसमोर मला बाकावर उभं केल्यासारखं झालं.

"नाही," मी म्हटलं. "हे खरं नाही."

विनूनं मला हाताला धरून बाहेर आणलं. गाडीत बसल्यावर तो बोलायला लागला. "ताई, फोर्टीन इयर्स. चौदा वर्षं मी एकच कंपनी, एकच टायटल, का माहितीये? अ‍ॅप्लिकेशन बिघडू नये म्हणून. आता सगळ्या पेपर्सवर रॉन्ग डेट आहे म्हणून मीच सांगू? ते म्हणतील सोळा वर्षं खोटं लिहिलं यानं."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त मला त्या बेटावरचा म्हातारा दिसत होता, स्वतःच्या आजोबांचं नाव वाचता न येणारा. ते मी विनूला सांगितलं. दोन दिवस आमच्यात मीठ आण, पाणी दे याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. त्या दोन दिवसांत माझं मन इतकं खालीवर झालं, की तिसऱ्या दिवशी सकाळी मी सही करून टाकते म्हणणार होते. तेवढ्यात विनूच चहाचा कप घेऊन आला. त्याच्या अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईला त्यानं फोन केला होता. तिनं म्हणे सुटकेचा निःश्वास टाकला. चुकीची तारीख एक वेळ समजावता येते, खोटी शपथ येत नाही, असं ती म्हणाली. खरं लिहिलं तरी धोका आहेच, तेही तिनं लपवलं नाही.

मग मी चुलतभावाच्या मुलाला गावात फोन लावला. तो ग्रामसेवकाच्या मागे लागला, आणि आठवड्यानं त्यानं एका जुन्या रजिस्टराच्या पानाचा फोटो पाठवला. कडा खाल्लेल्या, मधलं शाबूत. सव्वीस ऑगस्ट, मुलगा, वडिलांचं नाव आमच्या आप्पांचं. मुलाच्या नावाची जागा रिकामी, कारण बारसं व्हायच्या आत नोंद केलेली. त्याची रीतसर नक्कल मागवली.

नवं प्रतिज्ञापत्र मी हातानं मराठीत लिहिलं, मृदुलानं इंग्रजी केलं. मी शिक्षिका होते, ही चूक माझी, भावाची नाही, तो तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता, असं त्यात होतं. बँकेत तीच बाई होती. तिनं मजकुरावरून नजर फिरवली आणि थबकली. "माझी, माझ्या आईची आणि चारही भावांची जन्मतारीख एक जानेवारी आहे," ती म्हणाली. निर्वासितांच्या छावणीत जन्मतारीख ठाऊक नसलेल्या सगळ्यांना तीच दिली होती. मग तिनं मला पुन्हा हात वर करायला सांगितला, आणि या वेळी मी तो झटकन वर केला.

मुलाखत

ग्रीन कार्डाच्या मुलाखतीचा दिवस जुलैच्या मध्यात आला. ऑफिस साधंच, आपल्या तहसील कचेरीपेक्षा स्वच्छ आणि फार शांत. विनूनं लग्नाच्या वेळचा कोट घातला होता, तो आता पोटावर बसत नव्हता. तो, मृदुला आणि वकीलबाई आत गेले, मी बाहेर बसले. मी तयारीनं आले होते. पायऱ्या पाच, दार पूर्वेला, कणगी माजघरात डाव्या हाताला. तिसऱ्या घरात कोण राहायचं तेसुद्धा चुलतभावाला विचारून ठेवलं होतं.

पाऊण तासानं वकीलबाई बाहेर आली आणि मला आत बोलावलं. अधिकारी पन्नाशीचा, जाडजूड, तोंडात खोकल्याची गोळी. त्यानं मला खुर्ची दिली, शपथ दिली आणि दुभाषी हवा का विचारलं. मी सांगितलं की मी मुलांना इंग्रजी शिकवलं आहे, हळू बोललात तर चालेल. तो हळू बोलला. तारीख कशी लक्षात आहे, त्यानं विचारलं.

मी म्हटलं, तारीख लक्षात नाही, ती रजिस्टरात मिळाली. दिवस लक्षात आहे. आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचा सण होता. मी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावला होता, लाल रंग असतो. पहाटे आईला कळा सुरू झाल्या आणि आप्पा बाहेरगावी. मी धावत जाऊन सुईणीला आणलं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं तेव्हाही माझी बोटं लाल होती, आणि बाळाच्या पाठीला रंग लागला की काय म्हणून मी रडायला लागले.

त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं, तारीख का बदललीत?

हा प्रश्न येईल असं मला वाटलं होतं, आणि उत्तर म्हणून वयाचा नियम सांगायचा असं ठरवलंही होतं. पण शपथ घेतली होती.

मी सांगितलं की त्या वर्षी आईला टीबी झाला होता, ती नगरच्या दवाखान्यात होती. घरात बघायला कुणी नव्हतं. आमच्या मामाला मूल नव्हतं, विनूला त्याच्याकडे कायमचं देऊन टाकायचं असं मोठ्यांनी ठरवत आणलं होतं. मी वीस वर्षांची, नुकती शाळेत लागलेली. मी आप्पांना म्हटलं, मी याला रोज शाळेत घेऊन जाते, घरी ठेवायची गरजच नाही. पण पटावर नाव नसलेलं पोर वर्गात बसवता येत नव्हतं, आणि त्याला पाच पुरी व्हायला तीन महिने कमी होते. म्हणून मी एक जून लिहिली. तो आमच्याकडेच राहावा म्हणून.

विनू माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं, गोळी या गालातून त्या गालात घेतली आणि थँक यू मॅडम म्हणाला. पायऱ्यांचं त्यानं विचारलंच नाही. निकाल पोस्टानं कळेल, एवढं सांगून आम्हाला जाऊ दिलं.

मृदुला वकीलबाईशी बोलत मागे राहिली. आम्ही दोघं गाडीत येऊन बसलो, पण विनूनं गाडी सुरू केली नाही.

"मला मामाकडे देणार होते?"

"हो."

"आणि तू आजपर्यंत बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? राहिलास ना घरी."

तो स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला, आणि मीही रडले. चूक केल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा वाईटही वाटत होतं आणि वाटतही नव्हतं. मृदुला आली, तिनं आम्हाला बघितलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी परत आले, तोवर काही कळलं नव्हतं. विमानतळावर निरोप घेताना विनूचा चेहरा बघवेना. काही झालं तर गावी घर आहे, असं त्याला म्हणावंसं वाटलं, पण त्याला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विनूचा व्हिडिओ कॉल आला. मला वाटलं, तिथीनं वाढदिवस म्हणून केला असेल, खऱ्या दिवशीचा पहिलाच. त्यानं फोनसमोर एक कार्ड धरलं. मी चष्मा पुसून बघितलं. त्याचा फोटो, त्याचं नाव, आणि खाली एक जून. मी विचारलं, हे काय, तारीख तीच कशी? तो म्हणाला की फाइलीत खरी तारीख आहे, तुझ्या सहीसकट, पण कार्ड पासपोर्टप्रमाणे निघालं. आधी पासपोर्ट दुरुस्त करायचा, मग कार्ड बदलून मिळतं.

"मग कधी करतोयस दुरुस्त?" मी म्हटलं. जन्माची मास्तरीण, लाल पेन घेऊनच बसलेली.

"नाही करत," विनू म्हणाला. "तू लिहिलीयेस ना ती. राहू दे."

मागून ईरा ओरडली की मग केक कधी करायचा. त्यांचं ते चाललं होतं, आणि मी कार्डावरच्या त्या तारखेकडे बघत होते. निळ्या शाईनं लिहिली होती मी ती, वीस वर्षांची असताना. तेव्हाही त्याला घरी राहता यावं म्हणूनच लिहिली होती.